लीफ्सचा हंगाम पहिल्यांदा पाहताय? ऑक्टोबर ते जुलै, पायरी पायरीने

टोरंटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टनकडे नोकरीसाठी नव्याने आलेल्या माणसाला ऑक्टोबर उजाडला की एक गोष्ट जाणवते. ऑफिसातल्या गप्पा अचानक डोक्यावरून जायला लागतात. लिफ्टमध्ये, कॉफीच्या रांगेत, मीटिंग सुरू व्हायच्या आधीच्या पाच मिनिटांत विषय एकच: काल रात्री लीफ्सनी, म्हणजे टोरंटोच्या आइस हॉकी संघाने, काय केलं. मग माणूस घरी येऊन आइस हॉकीचे नियम शोधतो, ऑफसाइड आणि आयसिंग पाठ करतो, एक मॅच लावतो, पक (खेळायची रबरी चकती) कुठे गेला तेच दिसत नाही म्हणून पंधरा मिनिटांत टीव्ही बंद करतो. विषय तिथेच संपतो.

माझ्या मते इथे क्रम चुकतो. नियम मागाहून आपोआप येतात. आधी एक संघ धरायचा आणि त्याचा हंगाम कसा चालतो ते समजून घ्यायचं. कालची मॅच कशासाठी महत्त्वाची होती हे कळलं की ती बघावीशी वाटते. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत. सगळ्या मॅच बघायची गरज नाही. कुणीच बघत नाही, आणि बघतो म्हणणाऱ्यांवर फार विश्वास ठेवू नका.

पायरी १: संघ धरा, आणि त्याचं दुखणंही समजून घ्या

टोरंटोत राहत असाल तर टोरंटो मेपल लीफ्स. आडनाव लावल्यासारखा हा संघ इथल्या लोकांना चिकटलेला असतो. मॉन्ट्रियल किंवा ओटावाचे चाहतेही भेटतील, पण पहिल्या वर्षी वाकडी वाट धरू नका. रोजच्या मॅचची वेळ, टीव्ही, बातम्या, शेजारी, सगळं लीफ्सभोवती फिरतं.

क्लब १९१७ चा, मेपल लीफ्स हे नाव १९२७ पासूनचं. स्टॅनली कप, म्हणजे लीगचं अजिंक्यपद, १३ वेळा जिंकलाय. शेवटचा १९६७ साली, मॉन्ट्रियल कॅनेडियन्सला हरवून. तेव्हा एनएचएलमध्ये, म्हणजे या व्यावसायिक लीगमध्ये, जेमतेम सहा संघ होते; आज ३२ आहेत. त्या विजयानंतर एकदाही कप नाही. ऑफिसातला प्रत्येक टोमणा, प्रत्येक उसासा या एका आकड्यातून निघतो, त्यामुळे तो पाठ असू द्या.

आणखी दोन-तीन जखमा माहीत हव्यात. २०१३ साली बॉस्टनविरुद्धच्या सातव्या आणि निर्णायक मॅचमध्ये लीफ्स तिसऱ्या सत्रात ४-१ ने पुढे होते. ५-४ ने हरले. २०२१ मध्ये मॉन्ट्रियलविरुद्ध मालिकेत ३-१ आघाडी होती, तीही घालवली. २००४ नंतर प्लेऑफची (साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांची) एक मालिका जिंकायला २०२३ उजाडावं लागलं, तेव्हा जॉन टवारेसने जादा वेळेत गोल करून टॅम्पा बेला घरी पाठवलं. त्या रात्री लोक रस्त्यावर असे उतरले होते की बाहेरगावच्या माणसाला कपच जिंकला असं वाटावं. ती फक्त पहिली फेरी होती. एवढं कळलं की लीफ्सचा चाहता नोव्हेंबरात खूश का असतो आणि एप्रिलमध्ये गप्प का होतो, हे उलगडतं.

पायरी २: कॅलेंडरवर खुणा करा

साखळी फेरीच्या मॅच २०२५-२६ पर्यंत प्रत्येक संघाला ८२ होत्या, अर्ध्या घरच्या रिंकवर, अर्ध्या बाहेर. २०२६-२७ पासून नव्या करारानुसार ८४. सराव शिबिर सप्टेंबरात सुरू होतं, थोड्या सराव मॅच होतात आणि महिनाअखेरीला किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला खरा हंगाम उघडतो. एप्रिलच्या मध्यापर्यंत साखळी, तिथून जूनपर्यंत प्लेऑफ.

मधल्या महिन्यांत तीन खुणा करून ठेवा. पहिली, अमेरिकन थँक्सगिव्हिंग, म्हणजे नोव्हेंबरचा चौथा गुरुवार (कॅनडाचं थँक्सगिव्हिंग ऑक्टोबरात येतं, ते वेगळं). त्या दिवशी जे संघ प्लेऑफच्या जागेवर असतात त्यांतले साधारण तीन चतुर्थांश शेवटीही तिथेच असतात, असा इथला जुना ठोकताळा आहे. म्हणजे ऑक्टोबरातल्या मॅच गमतीच्या म्हणून सोडून देऊ नका. दुसरी, नाताळ, २४ ते २६ डिसेंबर मॅच नसतात. तिसरी, मार्चच्या सुरुवातीची ट्रेड डेडलाइन. तिच्याबद्दल पुढे सविस्तर बोलू.

फेब्रुवारीत कधी कधी मोठी सुट्टी येते. २०२५ मध्ये चार देशांची स्पर्धा झाली आणि अंतिम सामन्यात कॅनडाने अमेरिकेला जादा वेळेत ३-२ ने हरवलं. २०२६ मध्ये हिवाळी ऑलिंपिकसाठी लीग थांबली. अशा पंधरवड्यात लीफ्सचे लोक एकमेकांविरुद्ध वेगवेगळ्या देशांकडून खेळतात. नवख्याने गोंधळून जायचं काही कारण नाही, नंतर सगळे पुन्हा एका बाकावर येतात.

पायरी ३: गुणतक्ता वाचा

बहुतेक लोक हे सांगतच नाहीत, आणि हंगामाचं अर्धं रहस्य इथेच आहे.

जिंकलात की २ गुण. नेहमीच्या ६० मिनिटांत हरलात की शून्य. पण ६० मिनिटांत बरोबरी राहिली आणि त्यानंतर, म्हणजे जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये (एकेका खेळाडूने एकट्याने गोलरक्षकासमोर गोल करायचा प्रयत्न) हरलात, तर १ गुण मिळतो. म्हणून तक्त्यात तीन आकडे असतात: विजय, पराभव, आणि जादा वेळेतले पराभव. लीफ्सचा २०२४-२५ चा हिशोब ५२-२६-४ होता. ५२ दुणे १०४, अधिक ४, एकूण १०८. अटलांटिक विभागात पहिला नंबर.

या तिसऱ्या आकड्याची ताकद बघायची असेल तर त्याच वर्षीचा मॉन्ट्रियल आणि कोलंबसचा हिशोब मांडा. दोघांनी ४०-४० मॅच जिंकल्या. मॉन्ट्रियल ४०-३१-११, गुण ९१. कोलंबस ४०-३३-९, गुण ८९. विजय सारखेच, पण मॉन्ट्रियल दोन वेळा जास्त 'उशिरा' हरलं, आणि तेवढ्यावर प्लेऑफमध्ये गेलं. कोलंबसवाले घरी बसले. म्हणून तिसऱ्या सत्राची शेवटची पाच मिनिटं बरोबरीत असताना दोन्ही संघ अचानक जपून खेळायला लागतात. एक गुण खिशात पडू द्या, मग बघू. बघणाऱ्याला कंटाळा येतो. मला तर ही पद्धत मुळातच पटत नाही, कारण काही मॅचमधून दोन गुण वाटले जातात आणि काहींतून तीन. पण आहे ते असं आहे.

आता पात्रता. लीगचे दोन भाग: ईस्टर्न आणि वेस्टर्न कॉन्फरन्स, प्रत्येकी १६ संघ. प्रत्येकात दोन विभाग. लीफ्स ईस्टर्नच्या अटलांटिक विभागात. प्रत्येक विभागातले पहिले तीन सरळ प्लेऑफमध्ये जातात, आणि उरलेल्यांतून प्रत्येक कॉन्फरन्सचे सर्वाधिक गुणांचे दोन; त्यांना वाइल्ड कार्ड म्हणतात. एकूण १६ संघ. दुसऱ्या कॉन्फरन्सचे गुण आपल्या कामाचे नाहीत. २०२४-२५ मध्ये कॅल्गरीचे ९६ गुण होते, मॉन्ट्रियलपेक्षा पाच जास्त, तरी कॅल्गरी बाहेर राहिलं, कारण ते वेस्टमध्ये होतं. त्यातही सेंट लुइसचे गुण तेवढेच, ९६. ६० मिनिटांतले विजय सेंट लुइसचे जास्त भरले म्हणून ते आत.

आणखी एक सवय लावून घ्या. डिसेंबर-जानेवारीत नुसते गुण बघू नका, किती मॅच झाल्यात तेही बघा. समजा आपल्या संघाचे ३० मॅचमध्ये ३५ गुण आहेत आणि खालच्या संघाचे २८ मध्ये ३४. तक्त्यात आपण वर दिसतो, पण हातात दोन मॅच जास्त असलेला तो संघ खरं तर पुढे आहे. ऑफिसात हे एकदा शांतपणे बोलून दाखवा, तुम्हाला नवखा समजणं लोक तिथेच थांबवतील.

पायरी ४: पहिल्या मॅच घरी, टीव्हीवर

शनिवार संध्याकाळ, सात वाजता. 'हॉकी नाइट इन कॅनडा' हा कार्यक्रम टीव्हीवर १९५२ पासून चालू आहे आणि शनिवारची लीफ्सची मॅच हा इथल्या घराघरांतला रिवाज आहे. इंग्रजी समालोचनाचा वेग झेपत नसेल तर एक छान सोय आहे: २००८ पासून या मॅचचं पंजाबी समालोचनही होतं. हिंदी समजणाऱ्या मराठी माणसाला ते बऱ्यापैकी कळतं, आणि उत्साह तर भाषेच्या पलीकडचा आहे. हरनारायण सिंग यांचं नाव त्यातूनच देशभर झालं. २०१६ च्या अंतिम मालिकेत निक बोनिनोच्या गोलवर त्यांनी लावलेला 'बोनिनो, बोनिनो, बोनिनो'चा सपाटा अजून लोकांच्या तोंडी आहे. भारतीय वंशाचे खेळाडूही लीगला नवे नाहीत. रॉबिन बावा १९८९ मध्येच खेळले, आणि मिसिसागाचे मॅनी मल्होत्रा तर खेळाडू म्हणून दीर्घ कारकीर्द करून २०२० ते २०२४ लीफ्सचे सहायक प्रशिक्षक होते.

मॅच २०-२० मिनिटांच्या तीन सत्रांची, मध्ये दोन मोठ्या विश्रांती. एकूण अडीच तास धरा. रिंक २०० फूट लांब, ८५ फूट रुंद. प्रत्येक बाजूचे पाच खेळाडू आणि एक गोली (गोलरक्षक) बर्फावर. पक दिसत नाही ही सगळ्यांची पहिली तक्रार असते. पक शोधू नका. खेळाडूंचे चेहरे कुठे वळलेत ते बघा, पक तिथेच असतो. दोन आठवड्यांत डोळा बसतो.

पहिल्या सत्रात फक्त बाक बघा. खेळाडू साधारण ४५ सेकंद जीव तोडून पळतो आणि बाकाकडे येतो. तो कठड्यावरून आत येईपर्यंत दुसरा उडी मारून बर्फावर. खेळ थांबत नाही. गणपतीच्या मिरवणुकीत ताल न तुटता एकाच्या कमरेचा ढोल दुसऱ्याच्या कमरेला जातो ना, तसंच. पुढच्या फळीच्या तिघांच्या चार तुकड्या आणि बचावाच्या तीन जोड्या आळीपाळीने येतात. कोणती तुकडी कुणासमोर उतरवायची यात प्रशिक्षकाचं डोकं दिसतं. दुसऱ्या सत्रात बाजू बदलतात, त्यामुळे बचाव करणाऱ्यांना आपला बाक लांब पडतो. दमलेले पाच जण स्वतःच्या गोलसमोर अडकले आहेत, पक बाहेर काढता येत नाही, बदलीला जाता येत नाही, असं दृश्य याच सत्रात जास्त दिसतं. घड्याळ बघा, मिनिट उलटून गेलं असेल तर गोल आता होतोय असं समजा.

दुसऱ्या सत्रात पॉवर प्लेकडे लक्ष द्या. क्रिकेटमधला तो पॉवरप्ले विसरा. इथे एखाद्याने पाय अडकवला, स्टिकने ओढलं, तर त्याला दोन मिनिटं कोठडीत बसवतात आणि त्याचा संघ चौघांवर खेळतो. समोरच्यांनी तेवढ्यात गोल केला की शिक्षा संपते. साधारण पाच पॉवर प्लेमध्ये एक गोल, असं प्रमाण समजा. आक्रमक पाच जण गोलसमोर पसरतात, पक एकमेकांना देत राहतात, प्रेक्षक 'मार, मार' ओरडत असतात आणि ते मारत नाहीत. ते बचावाची चौकट थोडी वाकडी व्हायची वाट बघत असतात. ऑस्टन मॅथ्यूजने २०२३-२४ मध्ये ६९ गोल केले, त्यातले अनेक बघाल तर पक त्याच्या स्टिकवर जेमतेम क्षणभर राहतो. गोलीला सरकायलाही वेळ मिळत नाही.

नियम दोनच शिका. निळी रेघ: आक्रमक खेळाडू पकच्या आधी ती ओलांडून आत गेला तर ऑफसाइड. आयसिंग: आपल्या अर्ध्यातून पक थेट समोरच्या गोलरेषेपार भिरकावला आणि मध्ये कुणाचा हात लागला नाही, तर खेळ थांबतो, पक परत तुमच्याच गोलजवळ आणतात, आणि दमलेले असलात तरी खेळाडू बदलता येत नाहीत. शिक्षेमुळे चौघांवर खेळणाऱ्या संघाला मात्र आयसिंग माफ असतं. बाकीचं समालोचक सांगतात.

तिसऱ्या सत्रात शेवटची तीन मिनिटं उठू नका. एका गोलने मागे असलेला संघ गोलीला बाकावर बोलावतो आणि सहावा खेळाडू उतरवतो. मागे गोल उघडा. कधी बरोबरी होते, बऱ्याचदा समोरचा लांबून रिकाम्या जाळीत पक ढकलतो. बरोबरी राहिली तर पाच मिनिटं तिघांविरुद्ध तिघे, पहिला गोल करेल तो जिंकला. तरीही नाही सुटलं तर शूटआउट. तिघांविरुद्ध तिघांची ती पाच मिनिटं या खेळातली सगळ्यात देखणी आहेत. घरच्यांना हॉकीची गोडी लावायची असेल तर त्यांना तेवढीच दाखवा.

मारामाऱ्यांबद्दल विचारलं जातंच. होतात, पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी. पंच दोघांना भांडू देतात, एक जण पडला की सोडवतात, दोघांना पाच-पाच मिनिटं. मला त्यात फारसा रस नाही.

पुण्या-मुंबईत आईवडील असतील आणि मुलासोबत फोनवर मॅचबद्दल बोलायची हौस असेल तर वेळ लक्षात ठेवा: टोरंटोची संध्याकाळी सातची मॅच भारतात हिवाळ्यात पहाटे साडेपाचला, आणि मार्च मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत पहाटे साडेचारला सुरू होते. लीफ्स पश्चिम किनाऱ्याच्या दौऱ्यावर असले की इथे रात्री दहाला सुरू होणारी मॅच तिकडे सकाळी चहासोबत बघता येते. त्या मॅच इथल्यांपेक्षा तिकडच्यांनाच सोयीच्या.

पायरी ५: रिंकवर जाऊन बघा, पण लीफ्सपासून सुरुवात करू नका

लीफ्सची तिकिटं लीगमधल्या सगळ्यात महाग तिकिटांत मोडतात. चौघांचं कुटुंब घेऊन शनिवारी मॉन्ट्रियलविरुद्धची मॅच बघायला गेलात तर महिन्याचं किराणा बजेट एका संध्याकाळी उडेल. नवख्याने हे करायची काहीच गरज नाही.

पहिल्यांदा मार्लीजला जा. टोरंटो मार्लीज हा लीफ्सचा दुसऱ्या फळीचा संघ, एएचएल या एनएचएलच्या खालच्या लीगमध्ये खेळतो. २०१८ साली त्यांनी तिथलं अजिंक्यपद, कॅल्डर कपही जिंकला. मॅच कोका-कोला कोलिझियममध्ये होतात, एक्झिबिशन गो स्टेशनपासून चालत काही मिनिटांवर. तिकीट आवाक्यात, जागा बर्फाजवळ, आणि आज दिसलेला पोरगा पुढच्या आठवड्यात वर बोलावला गेला तर 'याला मी खाली खेळताना पाहिलंय' म्हणायची सोय. त्याच इमारतीत महिलांचा टोरंटो सेप्टर्स हा व्यावसायिक संघही खेळला आहे. त्यांची पीडब्ल्यूएचएल ही महिलांची लीग जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाली आणि गुणपद्धत जास्त शहाणी आहे: ६० मिनिटांत जिंकल्यास ३, जादा वेळेत जिंकल्यास २, जादा वेळेत हरल्यास १. शिवाय चौघांवर खेळणाऱ्या संघाने गोल केला तर त्यांचा शिक्षा झालेला खेळाडू लगेच सुटतो. मुली हॉकी शिकत असतील तर इथेच न्या. ब्रॅम्प्टनकरांना तर गावातच स्टीलहेड्सचा ज्युनिअर संघ आहे, तो २०२४ मध्ये मिसिसागाहून तिकडे गेला.

लीफ्सच बघायचे असतील तर सप्टेंबरातली सराव मॅच किंवा मंगळवार-बुधवारची, दूरच्या एखाद्या संघाविरुद्धची मॅच बघा. बफेलोला जाऊन बघणारेही खूप आहेत. तिथे लीफ्सचेच चाहते भरलेले असतात. पण भारतीय पासपोर्ट असेल तर अमेरिकेचा व्हिसा लागतो, तिकीट काढण्याआधी त्याची तारीख बघा. ओटावाला व्हिसाची कटकट नाही.

स्कोशियाबँक अरीना युनियन स्टेशनला लागूनच आहे. गाडी शहरात नेऊ नका. मिसिसागातले लोक मिल्टन लाइनच्या भरवशावर जातात आणि रात्री परतीला रेल्वे नाही, बस आहे, हे स्टेशनवर कळतं. पोर्ट क्रेडिटला गाडी लावून लेकशोर वेस्टने जा. शेवटच्या गाडीची वेळ आधी बघून ठेवा, कारण मॅच जादा वेळेत गेली तर दहाच्या पुढे जाते. मोठी बॅग आत घेत नाहीत. जाड कोट काढून ठेवायला जागा नसते, तो मांडीवर घेऊन बसावं लागतं. एक स्वेटर आणि हलकं जाकीट पुरतं. वरच्या मजल्यावरून खेळाचा नकाशा उत्तम दिसतो, खालून वेग दिसतो. पहिल्यांदा वरूनच बघा, स्वस्तही पडतं.

आत एक शिस्त पाळतात: खेळ चालू असताना जागेवर जायचं नाही. समोसा म्हणा, पॉपकॉर्न म्हणा, हातात घेऊन जिन्याच्या तोंडाशी थांबायचं आणि शिट्टी वाजली की भरभर जाऊन बसायचं. राष्ट्रगीताला टोपी काढायची. एकाच खेळाडूने तिसरा गोल केला की मात्र हीच टोपी बर्फावर फेकायची असते. नवी घेतली असेल तर विचार करा. गोलच्या मागे जाळी असते, पण बाजूला बसलात तर मोबाइलमध्ये मान घालू नका. पक १७० ग्रॅमचं टणक रबर असतं, आणि वर गोठवलेलं.

पायरी ६: मधल्या महिन्यांत थोडं सैल सोडा

डिसेंबर ते फेब्रुवारी हा लांबलचक पट्टा आहे. दर दुसऱ्या-तिसऱ्या रात्री मॅच, मध्ये विमानप्रवास, कधी लागोपाठ दोन रात्री दोन शहरांत. लागोपाठच्या दुसऱ्या रात्री शक्यतो दुसरा गोली उतरतो. आज गोली कोण, एवढं सकाळी बघितलं तरी रात्रीचा अंदाज येतो. कोण जखमी आहे हे कळेल, काय झालंय ते कळणार नाही: 'शरीराच्या वरच्या भागाला दुखापत' किंवा 'खालच्या भागाला', एवढंच जाहीर करतात. गुडघा दुखतोय हे समोरच्याला कळलं तर तो नेमका तिथेच येऊन धडकेल, ही भीती.

आठवड्याला एक मॅच पूर्ण आणि बाकीच्यांचे ठळक क्षण, एवढं प्रमाण ठेवा. तीन पराभव झाले की रेडिओवर प्रशिक्षकाला काढा म्हणणारे फोन सुरू होतात, तिकडे दुर्लक्ष करा.

पायरी ७: मार्च, आणि पैशांचं गणित

प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर लीगची मर्यादा असते. २०२४-२५ मध्ये ती ८ कोटी ८० लाख अमेरिकी डॉलर होती, २०२५-२६ मध्ये ९ कोटी ५५ लाख. टोरंटोसारखा श्रीमंत क्लबही त्यावर जाऊ शकत नाही. म्हणून 'तो अमुक घेऊन टाका' म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न विचारायचा: मग काढणार कुणाला? मॅथ्यूज किंवा विल्यम नीलँडरसारख्यांना भरघोस करार दिले की उरलेली जागा स्वस्त आणि कष्टाळू खेळाडूंनी भरावी लागते, आणि लीफ्सबद्दलचा वर्षानुवर्षांचा वाद हाच आहे.

मार्चमध्ये अदलाबदलीची मुदत संपते. त्या दुपारी तीनपर्यंत ऑफिसात कामं कमी होतात. वर चढणारे संघ अनुभवी खेळाडू घेतात आणि बदल्यात भविष्यातल्या ड्राफ्टच्या (तरुण खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या) जागा, तरुण खेळाडू देतात. मार्च २०२५ मध्ये लीफ्सनी बॉस्टनकडून ब्रँडन कार्लो आणि फिलाडेल्फियाकडून ओकव्हिलचाच स्कॉट लॉटन आणला, आणि प्रत्येकासाठी पहिल्या फेरीची एक जागा मोजली. उद्याचं आज खर्च करणं फायद्याचं की तोट्याचं, यावर दोन माणसांचं एकमत होणार नाही. तुम्हीही आपलं मत बिनधास्त सांगा, नवखेपणा इथे आड येत नाही.

पायरी ८: एप्रिल. आता सगळं वेगळं

प्लेऑफमध्ये चार फेऱ्या, प्रत्येक फेरी सात मॅचची मालिका, चार जिंकेल तो पुढे. कपसाठी १६ विजय लागतात. वर राहिलेल्या संघाला पहिली, दुसरी, पाचवी आणि सातवी मॅच घरच्या रिंकवर मिळते. साखळीतल्या धडपडीचं हे फळ. शूटआउट बंद. बरोबरी झाली की पाचाविरुद्ध पाच, २० मिनिटांची सत्रं, गोल होईपर्यंत. मध्यरात्र उलटते. दुसऱ्या दिवशी सकाळची महत्त्वाची मीटिंग ठेवू नका, आणि ठेवलीच तर लोकांचे डोळे बघून घ्या.

खेळही बदलतो. पंच लहानसहान गोष्टींकडे काणाडोळा करतात, धडका वाढतात, खेळाडू दाढी करायची थांबवतात. साखळीत उठून दिसणारा नाजूक खेळ इथे चेपला जातो, आणि लीफ्सचं घोडं इतकी वर्षं इथेच अडतं, असं माझं मत. २०२५ चं उदाहरण घ्या. पहिल्या फेरीत ओटावाविरुद्ध ३-० आघाडी, मग दोन पराभव, अख्ख्या शहराच्या पोटात गोळा, आणि सहाव्या मॅचमध्ये सुटका. दुसऱ्या फेरीत फ्लोरिडाविरुद्ध २-० आघाडी. त्यानंतर पाचवी मॅच घरी ६-१ ने हरले आणि सातवीही घरीच, पुन्हा ६-१. फ्लोरिडा आपल्याच विभागात साखळीत तिसरं आलं होतं, लीफ्सपेक्षा दहा गुणांनी मागे. त्यांनीच पुढे एडमंटनला हरवून सलग दुसरा कप नेला.

घरची मॅच असली की अरीनाबाहेरच्या चौकात मोठ्या पडद्यासमोर गर्दी जमते. आत जायचे पैसे नसतील तर तिथे एकदा तरी उभं राहून बघा. प्रवेशासाठी आधी नोंदणी लागते का ते तेवढं तपासा. मालिका संपल्यावर लगेच टीव्ही बंद करू नका. दोन आठवडे एकमेकांना चेपणारे सगळे खेळाडू रांगेत उभे राहून एकेकाशी हात मिळवतात.

लीफ्स बाहेर पडले की कप बघायचा तर हॉकी हॉल ऑफ फेमला जा, युनियन स्टेशनपासून जवळच, याँग आणि फ्रंटच्या कोपऱ्यावर. लॉर्ड स्टॅनली यांनी १८९२ मध्ये दिलेलं मूळ चांदीचं भांडं तिथल्या तिजोरीत ठेवलं आहे. आणि कार्लटन स्ट्रीटवरचं मेपल लीफ गार्डन्स, जिथे १९६७ चा तो कप जिंकला, तिथे आता खाली किराण्याचं मोठं दुकान आहे. रिंकचा मध्यबिंदू कुठे होता ते दुकानाच्या फरशीवर लाल ठिपक्याने दाखवलंय. कडधान्यं घेऊन येताना तेही बघून या.

पायरी ९: जर्सी जुलैनंतर घ्या

जूनअखेर ड्राफ्ट होतो, अठरा वर्षांची पोरं निवडली जातात. त्यांच्यापैकी लगेच खेळणारे विरळाच. १ जुलैला, कॅनडा डेच्या दुपारी, करार संपलेल्या खेळाडूंचा बाजार उघडतो. नवखा चाहता डिसेंबरात उत्साहाने आवडत्या खेळाडूचं नाव छापलेली महागडी जर्सी घेतो, आणि तो खेळाडू जुलैत दुसरीकडे जातो. मिच मार्नर इथलाच, थॉर्नहिलमध्ये वाढलेला, २०१५ मध्ये लीफ्सनीच निवडलेला. २०२५ च्या उन्हाळ्यात तो व्हेगसला गेला. त्याच्या १६ नंबरच्या जर्सी मुलांच्या कपाटांत अजून लटकलेल्या आहेत.

म्हणून पहिलं वर्षभर टोपीवर भागवा. जुलैचा धुरळा बसला, कोण किती वर्षांच्या करारावर आहे ते तपासलं, की मग ऑगस्टमध्ये जर्सी घ्या. तेवढाही धोका नको असेल तर निवृत्त खेळाडूची घ्या. मॅट्स सुंदिनचा १३ नंबर क्लबने कायमचा बाजूला काढून ठेवलाय, तो आता कुठेही जात नाही.